चादरीखालचं हाड

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका. जिच्यावर बेतली ती चांगुणा माझी सख्खी आत्या, आणि तिला खोटं बोलायची हौस नव्हती.

रात्रही नव्हती. १९४६ सालच्या चैत्रातली टळटळीत दुपार. नगरच्या एका दवाखान्यात सुईणींचा वर्ग भरला होता.

चांगुणा नेवाशाहून तिथं शिकायला आली, त्याला कारण होतं. तिची थोरली बहीण मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, अडली, आणि याच दवाखान्यात वारली. मूल पोटातच राहिलं. मुक्ताला नगरलाच रीतसर अग्नी दिला, असं वडिलांनी सांगितलं होतं. चांगुणाला तेवढाच धीर होता.

शिकवणाऱ्या हाजराबी नर्स कडक. टेबलावर बाईच्या कमरेचं खरं हाड, त्यावर चादर, आणि शिकणारीच्या डोळ्यांवर पट्टी. चादरीखाली हात घालायचा आणि हाडातल्या वाटेनं कापडाची बाहुली बाहेर काढायची, डोकं आधी. बाळंतपणात डोळे काय कामाचे, हातालाच दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

बाकीच्यांच्या बाहुल्या निघाल्या.

चांगुणाची अडली.

तिनं कडेनं बोटं फिरवली. डाव्या बाजूला एक गाठ लागली...

हात तिथंच थांबला.

ती गाठ तिच्या हाताला पाठ होती. लहानपणी मुक्ता बैलगाडीतून पडली होती, कंबर मोडली आणि वाकडीच सांधली. रोज संध्याकाळी तेल लावून ती कंबर चांगुणानंच चोळली होती.

बाहेर लिंबावरचे कावळे ओरडायचे थांबले...

हाड गरम लागायला लागलं.

मग चादरीखाली कुणीतरी कण्हलं... अगदी हळू.

"चांगे, वढ गं. लई येळ झाला."

तिला चांगे म्हणणारी एकच होती. तिनं ओढलं.

बाहुली आली... ओलीचिंब.

हाजराबींनी पट्टी सोडली आणि पाणी कुणी सांडलं म्हणून सगळ्यांना रागावल्या. कण्हणं दुसऱ्या कुणालाच ऐकू आलं नव्हतं. हे हाड कुणाचं, असं चांगुणानं विचारलं.

"बेवारशी बाई. नेवाशाची. बापाला सांगावा धाडला, सासरी धाडला. न्यायला कुणी आलं नाही."

चांगुणानं हाड मागितलं. मिळालं नाही. यावर शिकून उद्या चार बायका वाचतील, असं हाजराबी म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

चांगुणा तडक घरी आली. वडिलांना, म्हणजे माझे आजोबा कारभारी यांना, तिनं जाब विचारला. ते म्हणाले,

"पोटुशी मेलेली बाई हडळ हुऊन येती. घरी आनली असती तर समद्यांना खाल्लं असतं. म्हनून तर उंबऱ्यात खिळं ठोकलं."

पोटची पोर गेली, आणि बापानं तिच्यासाठी काय केलं, तर खिळे ठोकले.

चांगुणानं पारईनं एकेक खिळा उपटला. दार सताड उघडलं. अक्का, घरी ये, म्हणून हाक मारली आणि उंबऱ्यात बसून राहिली.

कुणी आलं नाही.

त्या दिवसापासून मरेपर्यंत आत्यानं ते दार लावू दिलं नाही. मुक्ता रुसली होती, की अजून त्या चादरीखालीच अडली होती... आत्याला कधी कळलं नाही.

घर आता माझ्याकडे आहे. चोराचिलटांचे दिवस, तरी मीही दार लावत नाही. तिनं यावं असं वाटतं म्हणून, की आली आणि दार बंद दिसलं तर काय करील म्हणून... ते मला विचारू नका.