बाळ झोपलंय

सामना सुरू व्हायच्या आधी शैलजा मगदूम सभागृहाच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला श्वास घ्यायला सांगत होती.

"काका, आज तेवढं ध्यानात ठेवा हं. श्वास रोखायचा न्हाई."

"घेतोय की ओ ताई. जन्मल्यापासनं घेतोय," काका म्हणाले आणि हसत हसत पायऱ्या चढून गेले.

शैलजाला हसू आलं नाही. मिरज झंकार या महिला बास्केटबॉल क्लबची ती व्यवस्थापक, आणि त्याआधी कितीतरी वर्षं याच क्लबची कर्णधार. देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये एवढ्या लहान गावाचा दुसरा क्लब नव्हता. आज चुकलं तर हाही राहणार नव्हता.

आत छताच्या मधोमध तो लटकत होता. त्याचं खरं नाव उपस्थितीमापक, पण गोल, काचेचा आणि उगाच मिणमिणणारा म्हणून मिरजेनं त्याला पहिल्याच दिवशी कंदील म्हणून टाकलं. लीगनं तो सगळीकडे बसवला, त्याला कारण होतं. काही क्लब रिकाम्या सभागृहात सामने खेळवायचे आणि प्रक्षेपणात संगणकानं रंगवलेली गर्दी दाखवायचे. ती गर्दी छान टाळ्या वाजवायची, आणि जाहिरातदार बिचारे तिला साबण विकत बसायचे. ते उघडकीला आल्यावर हा कंदील आला. तो रेडिओलहरी खाली सोडायचा. लहरी माणसाच्या छातीवर आपटून परत यायच्या, आणि छाती वरखाली होतेय एवढं कळलं की त्या खुर्चीत जिवंत माणूस आहे अशी नोंद व्हायची. काही सेकंद छाती हललीच नाही, तर खुर्ची रिकामी. चित्र खोटं काढता येतं, श्वास खोटा काढता येत नाही, असं लीगचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं. फक्त ते ठरवताना कुणाला मिरजेची आठवण झाली नव्हती.

मिरजेची गोष्ट अशी, की क्लबचं पहिलं मैदान बाळंतिणींच्या एका दवाखान्याला लागून होतं. वॉर्डाच्या खिडक्या थेट मैदानावर उघडायच्या. तिथल्या मेट्रनबाईंनी एकच अट घातली होती: खुशाल खेळा, पण माझी बाळं उठता कामा नयेत. मग गाव तोंड मिटून सामने बघायला शिकलं. चेंडू जाळीतून गेला की लोक रुमाल उडवायचे. कुणी भान विसरून ओरडलंच, तर शेजारचा त्याच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणायचा, "श्श, बाळ झोपलंय."

पुढे दवाखाना दुसरीकडे गेला, क्लब व्यावसायिक झाला, पक्कं सभागृह उभं राहिलं. लोकही घसा फोडून ओरडायला शिकले. एक गोष्ट मात्र सुटली नाही. समोरच्या संघानं धक्का दिला की आपल्या खेळाडूला फ्री थ्रो मिळतो, म्हणजे रेषेवर एकटीनं उभं राहून विनाअडथळा फेक. आपली पोरगी त्या रेषेवर उभी राहिली, की गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणायचं, "बाळ झोपलंय," आणि सगळं सभागृह श्वास रोखून धरायचं. नाव झंकार आणि माणसं मुकी, अशी बाहेरचे थट्टा करायचे. पण त्या शांततेत उभं राहिलेल्या खेळाडूलाच तिची किंमत ठाऊक. शैलजा तिथं उभी राहिली होती. सगळ्या गावानं आपल्याला तळहातावर धरलंय असं वाटायचं तेव्हा.

कंदिलाला मात्र तेव्हा सभागृह रिकामं दिसायचं. या हंगामात दोनदा असं झालं होतं. मोजणीच्या पडद्यावर क्षणभर शून्य आलं आणि सामना निर्जन ठरला. तिसऱ्यांदा झालं की क्लब लीगबाहेर, हा नियम. मिरजेची जागा घ्यायला एक मोठं शहर टपून बसलंच होतं.

"यंत्र बिघडलं असंल," असं शैलजा पहिल्यांदा म्हणाली होती. कंदील तपासायला लीगचा तंत्रज्ञ आला, क्षितिज भावे नावाचा. तरुण, सज्जन, आणि नियमाला धरून चालणारा. त्यानं दोन्ही सामन्यांच्या नोंदी तिच्यासमोर मांडल्या.

"ताई, यंत्र ठीक आहे. त्या क्षणी तुमच्या सभागृहात कुणीच श्वास घेत नव्हतं."

"काळीज तर चालू होतं न्हवं?"

"हृदयाची थरथर इतक्या गर्दीत टिपता येत नाही. मी कळवलं वर. शून्य म्हणजे शून्य, असं उत्तर आलं."

तेव्हापासून शैलजानं आकाशपाताळ एक केलं होतं. अर्ज केले, हातापाया पडली, गावभर फलक लावले. लोकांनी माना डोलावल्या. पण श्वास घ्या म्हटलं की माणसाला श्वासाचंच भान येतं, आणि भान आलं की तो अडकतो. आता काय करावं ते तिला सुचेनासं झालं होतं.

सामना सुरू व्हायला थोडाच वेळ उरला असताना कर्णधार रुबीना सतारमेकर धावत आली. तिच्या हातात तिची पाच महिन्यांची सना होती.

"ताई, अम्मीला ताप भरलाय. धरशीला का हिला?"

शैलजानं सनाला खांद्यावर घेतलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारी भावे, मांडीवर छोटा पडदा घेऊन. लीगचा माणूस म्हणून त्याची खुर्ची पडद्यावर दिसायची, पण आकड्यात धरली जायची नाही. शैलजाच्या दुसऱ्या हातात ध्वनिक्षेपक होता. वेळ आली की त्यात ओरडायचं, एवढाच उपाय उरला होता.

पहिली वेळ मध्यंतराच्या आधी आली. रुबीना रेषेवर उभी राहिली, तशी शैलजा ओरडली, "श्वास घ्या! सगळ्यांनी श्वास घ्या!" लोकांनी घेतला. भाते चालवल्यासारखा घेतला. कुणी फुसकन हसलं, कुणाला ठसका लागला. सनानं दचकून भोकाड पसरलं. रुबीनाच्या दोन्ही फेकी कड्याला लागून बाहेर गेल्या. तिनं वर प्रेक्षकांकडे बघितलं. रागानं नव्हे, परक्या गावात उभं असल्यासारखं. लोकांनी माना खाली घातल्या.

"छान, ताई. आकडा तीन हजारांच्या खाली गेलाच नाही," भावे मनापासून म्हणाला.

शैलजाला रडू कोसळेल असं वाटलं. ती सनाला थोपटत राहिली. हळूहळू पोरगी निजली.

सामना मात्र कुणाच्याच बाजूला झुकत नव्हता. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा मिरज दोन गुणांनी मागे होती. रुबीना चेंडू घेऊन आत घुसली, तो जाळीत टाकता टाकता धक्का लागून पडली, आणि पंचांनी शिट्टी वाजवली. बरोबरी झाली, आणि वर एक फेक. गेली तर सामना मिरजेचा.

ती रेषेकडे चालू लागली. वरच्या रांगेत दारात भेटलेले ते काका बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, दारात कबूलही केलं होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"बाळ झोपलंय."

आणि सभागृह शांततेत बुडालं. भावेच्या पडद्यावरचा आकडा घसरू लागला. दोन हजार. आठशे. नव्वद. शैलजानं ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला. ओरड, ती स्वतःला म्हणाली, ओरड, नाहीतर संपलं सगळं. पण ओरडायला छातीत हवा लागते, आणि तिच्या छातीत ती नव्हती. ती स्वतःच श्वास रोखून बसली होती. सात. तीन. तिचे डोळे भरून आले. सोडायचा, घ्यायचा, एवढंच करायचं होतं, आणि ते काही केल्या होत नव्हतं.

एक.

आकडा तिथं थांबला. रुबीनानं चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला. एक. शैलजाला मानेशी काहीतरी कोमट लागत होतं, जात होतं, पुन्हा लागत होतं. सना झोपेत श्वास घेत होती.

चेंडू जाळीतून गेला. मग जो गलका उठला त्यानं छप्पर उडायचंच बाकी राहिलं. सना जागी होऊन रडायला लागली आणि शैलजाही तिच्याबरोबर रडली. आपण वाचलो, एवढंच तिला कळत होतं.

भावे मात्र उठला नव्हता.

"ताई, तो एक श्वास तुमच्या जागेवरचा आहे. तुम्ही घेत होता का?"

एक हो म्हटलं असतं तर भागलं असतं. शैलजाच्या ओठावर ते आलंही.

"मिनिटाला चाळीसच्या वेगानं चाललाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मोठं माणूस असा श्वास घेत नाही."

"न्हाई. मी न्हाई. ही घेत होती."

"नियमात प्रेक्षक म्हटलंय. हिचं तिकीट नाही. आणि ही झोपली होती." त्यानं घाम पुसला. पडद्यावर एक चौकट उघडून राहिली होती: सभागृहात प्रेक्षक होता, की नव्हता? "मला आत्ताच भरून पाठवावं लागतं. काय लिहू?"

रुबीना धावत येऊन थांबली. पहिल्या रांगेनं ऐकलं, तिनं मागच्या रांगेला सांगितलं, आणि गलका ओसरत गेला. उभे राहिलेले लोक खाली बसले. रुबीनानं लेकीला घेऊन छातीशी धरलं, तशी ती पुन्हा डोळे मिटू लागली. आता सगळं गाव भावेच्या बोटाकडे बघत होतं.

शैलजानंही बघितलं. बोट पडद्याच्या जरासं वर थांबलं होतं आणि त्याखाली आकडा पुन्हा उतरू लागला होता. तीन हजार, अकराशे, चाळीस. या वेळी भावेची स्वतःची खुर्चीही रिकामी झाली होती. ते त्याला दिसलं, आणि तो तसाच पडद्याकडे बघत राहिला.

शैलजानं मोठ्या कष्टानं श्वास आत ओढला.

"भावेसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही तरी आत्ता हितं आहात न्हवं?"