शेपटीला बांधलेला ड्रम

“ताई, यायले पोलिसायनं नेलं!”

शफीकची बायको बिल्कीस दारात उभी होती. बुरखा धुळीनं माखलेला, पायात चपलाही नाहीत.

शकुन वडिलांचे कपडे ट्रंकेत भरत होती. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत ती शिकवायची. तार मिळाली तशी एस.टी.नं अकोल्याला आली होती. तोवर सगळं संपलं होतं. तिचे वडील देवराव मिस्त्री जॅकवर चढवलेल्या फवारणीच्या विमानाखाली चिरडून गेले होते.

“का नेलं?”

“म्हने जॅक यायनंच सोडला. जानूनबुजून. मॅनेजरसाहेबानं सोताच्या डोयानं पायलं म्हने.” बिल्कीस उंबऱ्यावरच बसली. “ताई, ज्या उस्तादनं हातात पाना देला, त्याले मारतीन का हो हे?”

शकुननं ट्रंकेचं झाकण लावलं. शफीक तिच्या वडिलांचा चेला. ईदला आधी उस्तादच्या पाया पडायचा आणि मग बापाच्या.

“चल,” ती म्हणाली.

चौकीत फौजदार शेषराव टेबलाशी बसले होते. भरघोस मिशांचा, जड अंगाचा माणूस. शकुनला पाहून त्यांनी टोपी काढून ठेवली.

“बाई, तुमचं दुःख मोठं हाये. पन हे प्रकरन साधं नाही.”

“मला समजावून सांगा.”

“आइका. चाक दुरुस्त कराले इमान दोन जॅकवर उचलते. दोन्ही पंखाखाली एकएक. हे इमान लढाईच्या वक्ताचं, जुनं. फवारणीच्या औषधाची टाकी मागं असते. थे टाकी काढली का शेपटी हलकी होते आन् इमान नाकावर जाऊ शकते. म्हनून शेपटीले वजन बांधतात. तुमच्या वडलायनं पान्याचा मोठा ड्रम बांधला व्हता. बरोबर?”

“बरोबर.”

“दुसऱ्या दिवशी सकाऊन मी पंचनाम्याले गेलो. ड्रम काठोकाठ भरला व्हता. मंग शेपटी उचललीच कशी? नाही उचलत. म्हंजे जॅक सोडला. आन् जॅकपाशी कोन व्हता? शफीक.”

“ड्रमचा दोर सुटला असेल.”

शेषराव थोडे पुढे वाकले. “थेच मी त्या येड्याले दहा डाव म्हनलं. म्हनलं, गाठ ढिली व्हती असं सांग, सुटशीन. आयकतच नाही. तुमीच इचारा.”

शफीक गजांमागे उकिडवा बसला होता. तिला पाहून उठला, पण नजर वर केली नाही.

“शफीक, त्या दिवशी सकाळी वडिलांशी तुझं भांडण झालं म्हणतात?”

“झालं ताई. मी म्हनलं, चाक मी बसवतो. उस्ताद म्हनले, अजून तुहा हात कच्चा हाये. मी म्हनलं, मंग काय मले जिंदगीभर पानेच धुवाले लावता?” त्यानं गज धरले. “थे हासले. त्याले भांडन म्हनत असतीन तं झालं.”

“ड्रम कोणी भरला?”

“आदल्या संध्याकाळी आमी दोघायनं. हँगरमागच्या खाऱ्या विहिरीतून. मी म्हनलं, टँकरचं गोडं पानी जवळ हाये, थे भरू. उस्ताद म्हनले, गोडं भरशीन तं सकाऊन कोनी पिऊन जाईन, कोनी अंघोयीले नेईन. खाऱ्या पान्याले कुत्रंबी तोंड लावत नाही.”

“मग?”

“सकाऊन दोन्ही जॅक हळूहळू संगंच चढवले. चाकं काढली. धुतली, वंगन केलं. दुपारी जेवाले गेलो. मी नमाज पढलो. परत आल्यावर उस्तादनं दोर ओढून पायला. तंग व्हता. मंग थे चाक बसवाले खाली गेले. चाक आसावर ढकललं आन्...”

“तुझा हात कुठे होता?”

“दुसऱ्या चाकावर. जॅकले मी हात नाही लावला. खुदा कसम.”

“दोर ढिला होता म्हणालास तर सुटशील.”

आता शफीकनं मान वर केली. “उस्तादची गाठ ढिली नवती, ताई.”

धावपट्टी गावाबाहेर होती. मे महिन्याचं ऊन जमिनीतून वर येत होतं. कपाशी वाढीला लागेपर्यंत फवारणी नसते, म्हणून दुरुस्तीचं काम याच दिवसांत निघतं. देवराव वर्षातले हे दोन महिने त्या पत्र्याच्या हँगरमध्ये काढायचे. लढाईच्या काळात विमानं खोलायला शिकले, तेव्हापासून दुसरा धंदा त्यांनी केलाच नव्हता.

शेषराव तिच्याबरोबर आले होते. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. हवालदार सोबत होता.

विमान होतं तिथंच होतं. लोकांनी शेपूट खाली ओढून देवरावांना बाहेर काढलं होतं. फरशीवरचा डाग कोणीतरी राखेनं झाकला होता. शकुन राखेकडे पाहत नव्हती. ती विमानाभोवती सावकाश फिरली.

“फौजदारसाहेब, या पंखांकडे पाहा.”

“काय हाये त्यात? साबूत हायेत.”

“दोन्ही साबूत आहेत. एका बाजूचा जॅक खाली आला असता तर विमान त्या बाजूला कललं असतं. पंखाचं टोक आपटलं असतं.”

शेषरावांनी पंखांची दोन्ही टोकं चाचपून पाहिली.

“आणि समोरचा लाकडी पंखा पाहा. खालचं पातं मोडलंय. विमान बाजूला पडलं नाही. सरळ नाकावर गेलं.”

“म्हंजे शेपटी उचलली.” शेषरावांनी मिशीवरून हात फिरवला. “मंग गाठच सुटली, बाई. आता तुमीच शाबीत केलं.”

हवालदार शेपटीजवळ गेला होता. तळाशी तोटी असलेला ड्रम तिथंच उभा होता. त्यानं झाकण सरकवलं, ओंजळ भरली, घटाघटा पाणी प्यायला आणि उरलेलं तोंडावर मारलं.

“थंड हाये, साहेब. घेता का?”

शकुन त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती ड्रमपाशी वाकली. तळाच्या कडेला एक मोठा पोचा होता. रंग उडून पत्रा चकाकत होता. पोचा ताजा होता.

“वॉचमन कोण आहे इथे?”

जानराव पुढे आला. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. गळ्यात तुळशीची माळ.

“जानराव, त्या दिवशी टँकर आला होता?”

“सकाऊन नाही आला. संध्याकाळी आला.”

“म्हणजे दुपारी गोडं पाणी नव्हतंच?”

“प्याच्यापुरतं व्हतं माठात.”

“ऑफिसात त्या दिवशी कोण होतं?”

“अकोटचे कापसाच्या जिनवाले शेठ आले व्हते. इमान भाड्यानं घ्याचं व्हतं त्यायले.” बोलता बोलता जानरावनं ऑफिसकडे पाहिलं आणि एकदम थांबला.

ऑफिसात मॅनेजर केशवराव पांढऱ्या शर्टात बसले होते. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या. त्यांच्यावर पाणी मारलं की आत गारवा येतो. आज त्या कोरड्या होत्या. काड्यांवर मिठासारखा पांढरा थर फुटला होता. शकुननं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“बसा,” केशवराव म्हणाले. “देवराव आमचे फार जुने. मला अतिशय वाईट वाटतं. पण त्या पोरावर दया दाखवण्यात अर्थ नाही.”

“तुम्ही त्याला जॅक सोडताना पाहिलं?”

“जॅकजवळ वाकलेलं पाहिलं.”

“कुठून?”

“या खिडकीतून.”

“पाहुणे असताना? भर दुपारी ताट्या लावलेल्या नव्हत्या?”

केशवरावांनी समोरचा कागद पुढे ओढला. शेषरावांनी खिडकीकडे पाहिलं, मग ताटीकडे. जानरावला त्यांनी दारातून आत बोलावून घेतलं.

“बाई, तुमच्या मनात काय हाये थे साफ बोला.”

शकुन बसली नाही. वर्गात फळ्यापाशी उभी राहते तशी उभी होती.

“विमान नाकावर गेलं, म्हणजे शेपूट हलकी झाली. शफीक म्हणतो दोर तंग होता. मी ते खरं धरते, कारण खोटं बोलण्यात त्याचा फायदा होता आणि तो बोलला नाही. गाठ सुटली नाही, तर मग शेपटीबरोबर ड्रमही वर गेला. भरलेला ड्रम वर जात नाही. तळाचा पोचा पाहा. विमानाखालून वडिलांना काढताना कोणीतरी दोर सोडला, तेव्हा तो वरून पडून आपटला. त्या धांदलीत तो रिकामा आहे हे कोणी पाहिलं नाही. ड्रम रिकामा होता.”

“म्या भरलेला पायला, बाई.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी. आत्ता तुमचा हवालदार त्यातलं पाणी प्यायला आणि थुंकला नाही. वडिलांनी भरलं होतं ते खाऱ्या विहिरीचं. आत आहे ते गोडं आहे. संध्याकाळच्या टँकरचं.”

दारातला हवालदार आपल्याच ओठांवरून जीभ फिरवू लागला.

“मग खारं पाणी गेलं कुठे?” शकुननं ताटीकडे हात केला. “हा खार पाहा. दुपारी टँकर नव्हता, पाहुणे उकाड्यानं हैराण झाले होते. खारं पाणी कोणी पीत नाही, अंघोळीला नेत नाही, असं वडिलांना वाटलं. ते खरंच होतं. पण ताटीवर मारायला पाणी गोडं लागत नाही. ते जेवायला गेले आणि ड्रमची तोटी कोणीतरी सोडली. बादल्या इथे आल्या. परतल्यावर त्यांनी दोर ओढून पाहिला. झाकण उघडून पाणी पाहिलं नाही. त्या पाण्याला कोणी हात लावेल हे त्यांच्या मनातच आलं नसेल. विमान कसंबसं तोललेलं होतं, चाक ढकलल्याच्या हिसक्यानं ते नाकावर गेलं.”

ती केशवरावांकडे वळली.

“पाणी काढलं तेव्हा कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल, केशवराव. पण माणूस मेल्यावर ठाऊक झालं. तुम्ही संध्याकाळी ड्रम पुन्हा भरून घेतलात आणि एका निरपराध पोराचं नाव घेतलंत.”

केशवरावांनी रुमालानं मान पुसली. बोलले ते शेषरावांकडे पाहून.

“मला वाटलं, पाणी असंच साठवून ठेवलंय. मी वॉचमनला म्हणालो, कुठूनही आण. एवढंच म्हणालो.” मग त्यांचा आवाज सावरला. “आणि हे मी या चार भिंतींत बोलतोय. कोर्टात बोलणार नाही.”

“जानराव,” शेषराव गुरगुरले, “पानी तू काढलं?”

जानरावचे ओठ हलले. त्यानं केशवरावांकडे पाहिलं. केशवराव कागदावरचा पेपरवेट सरळ करत होते.

“मले काई ठाव नाही, साहेब.”

“माळ घालून खोटं बोलून राहिला का बे?”

“मले काईच ठाव नाही.” तो रडायला लागला. पण बोलला नाही.

बाहेर कडुलिंबाच्या सावलीत शेषराव थांबले.

“बाई, तुमी म्हनता थे सोळा आने खरं हाये. पन माह्यापाशी काय हाये? ड्रममधे गोडं पानी. वकील म्हनंन, देवरावनंच गोडं भरलं. खारं व्हतं हे सांगते कोन? आरोपी. ताटीवरचा खार मागच्या उन्हाळ्याचा असंन. पोचा कवाचाबी असंन.”

“आणि शफीक?”

“मॅनेजरची जबानी कायम राहिली तं त्याच्यावर खटला होईन. वर्स जातीन. सजाबी होऊ शकते.”

“दुसरी वाट?”

शेषरावांनी तिच्याकडे पाहणं टाळलं. “केशवराव आता भ्यालेला हाये. आपघात म्हनून मिटत असंन तं जबानी मागं घेईन. पन आपघाताले कारन लागते. गाठ ढिली व्हती, हे कोनीतरी सांगाले पायजे. शफीक सांगत नाही. तुमी लेक हा त्यायची.”

ऊन आता हँगरच्या आतपर्यंत गेलं होतं. वस्तीत देवरावांचं नाव एका कारणानं घेत. रेडिओ, शिवणयंत्र, रहाट, काय बिघडलं की माणसं म्हणायची, मिस्त्रीकडे ने, त्याचा हात चुकत नाही. शकुनच्या आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. वडिलांनी मागे ठेवलेलं तेवढंच होतं, आणि ते तिच्या एकटीचं नव्हतं, शफीकचंही होतं.

“लिहून घ्या,” ती म्हणाली.

चौकीत शेषराव लिहीत होते. शकुन एकेक वाक्य सांगत होती. वडिलांच्या हातांना वर्षभरापासून कंप सुटला होता. दिवाळीत भेटले तेव्हा चहाची कपबशी त्यांच्या हातून पडली. डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकलं नाही. गाठ मारताना त्यांना त्रास व्हायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. शेषरावांना ते माहीत होतं. त्यांनी एकदाही टाक थांबवला नाही. खाली तिनं सुवाच्य अक्षरात सही केली.

केशवरावांनी जबानी मागे घेतली आणि संध्याकाळी शफीकला सोडलं. बिल्कीस धावत पायऱ्यांपर्यंत गेली. हवालदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

“जाय बावा. नशीबवान हायेस. तुह्या उस्तादचे हात कापत व्हते म्हने, गाठ बसली नाही. त्यायच्या पोरीनंच लिहून देलं.”

शफीक पायरीवरच थांबला. त्यानं शकुनकडे पाहिलं.

“ताई? उस्तादचे हात?”

खरं सांगितलं असतं तर उस्तादच्या नावासाठी तो त्याच पावली आत परतला असता. तिला ते स्पष्ट दिसत होतं.

“हो,” ती म्हणाली.

“त्यायचे हात मी रोज पायत होतो.” तो हळू बोलत होता, जणू तिलाच आठवण करून देत होता. “तुमी असं काहून सांगतलं?”

“घरी जा, शफीक.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग पायऱ्या उतरला आणि तिच्यापासून जरा लांबून गेला, रस्त्यात अनोळखी बाईच्या बाजूनं जावं तसा. बिल्कीसनं एकदा मागे वळून पाहिलं. त्यानं तिचा हात धरून तिला पुढे नेलं.

अमरावतीची शेवटची एस.टी. अजून मिळण्यासारखी होती. शकुन उलट्या दिशेनं स्टँडकडे चालू लागली.