म्हैस कडब्याकडं बघत होती

उद्या सुपारी फुटणार, पाहुण्यांच्या खिरीला दूध हवं, म्हणून गजराबाईनं वर्षाराणीच्या हातात बादली दिली. काम एवढंच. जळकोटच्या हमरस्त्यापासून बरीच आत असलेली ती शेतातली वस्ती, आणि दिवस कलायला लागलेला. गोठा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. तरी गजराबाई तिकडं फिरकली नाही. उंबऱ्यावर उभी राहूनच म्हणाली, "गोठ्यात खुंटीवर शिवकांताचं धारंला गुंडाळायचं हिरवं लुगडं हाय. ते गुंडाळ अंगाला आन् मग बस धारंला. म्हसरं वासाला भुलतंय."

सुपारी वर्षाराणीचीच होती. नवरदेव सिद्धलिंग, म्हणजे गजराबाईचा लेक आणि वर्षाराणीच्या थोरल्या बहिणीचा, शिवकांताचा नवरा. शिवकांता गेल्या महिन्यात विहिरीत पडून गेली आणि मागं रांगतं लेकरू राहिलं, अक्षरा. तिला सांभाळायला वर्षाराणी तेव्हापासून इथंच होती. लेकराला परकी सावत्र आई कशाला, मावशीच आई होऊ दे, असं चार शहाण्यांनी बसून ठरवलं. बापानं, ईरण्णानं, मान खाली घालून होकार दिला. वर्षाराणीला कुणी विचारलं नाही असं नव्हे. विचारलं, पण तेव्हा अक्षरा तिच्या मांडीवर झोपलेली होती. झोपलेलं लेकरू मांडीवर ठेवून नाही कसं म्हणणार? ती गप्प बसली आणि लोकांनी त्याला हो धरलं.

म्हैस मूळची माहेरची. ईरण्णानं लेकीला आंदण दिलेली आणि लाडानं पार शेफारलेली. शिवकांताखेरीज कुणाला सडाला हात लावू द्यायची नाही. शिवकांता गेल्यापासून तर जवळ येईल त्याला लाथ झाडायची, आणि दूध सगळं रेडकाच्या पोटात जायचं.

वर्षाराणीनं ड्रेसवरूनच लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला. शेणाचा, पेंडीचा, खोबरेल तेलाचा वास आला आणि त्या सगळ्याखाली अक्काचा. तिला रडूच फुटलं. म्हशीनं पदर हुंगला, दोनदा फुरफुरली आणि चक्क शांत उभी राहिली. वर्षाराणीला बरं वाटलं. ती बादली गुडघ्यात धरून खाली बसली.

तेवढ्यात म्हशीनं मान वळवली. मागच्या कोपऱ्यात कडबा रचलेला होता, तिकडं. कान पुढं केले आणि घशातल्या घशात हुंकारली. आपलं माणूस दारात दिसलं की जनावर हुंकारतं ना, तशी.

वर्षाराणीनं मागं बघितलं. कडबा होता. वर कोळ्याची जाळी आणि आत अंधार, दुसरं काही नाही. पण वाळक्या कडब्यातून ओल्या शेवाळाचा वास येत होता. तिनं पुन्हा सडाला हात घातला आणि म्हशीनं पान्हा सोडला. बादलीत धार वाजायला लागली. म्हैस मात्र तिच्याकडं बघतच नव्हती.

"आगं बया!"

वाटी दगडावर आपटल्याचा आवाज झाला. शेजारच्या वस्तीवरची दैवशालाकाकू विरजण मागायला बांधावरून आली होती. ती छातीवर हात धरून गोठ्याच्या तोंडाशीच थिजली.

"मी हाय काकू. वर्षाराणी."

"जीव गेला असता की माजा! शिवकांताच वाटलीस. त्या दिवशीबी ती अशीच पाठमोरी बसलेली हुती गं… ह्याच लुगड्यात… दिवेलागणीला."

"बोलली का तुमच्यासंगं?"

"न्हाय. म्या बांधावरनं हाक मारली. वळली न्हाय, नुसता हात केला. म्हनलं आसंल कामात." दैवशालाकाकूची नजर म्हशीकडं गेली आणि आवाज आपोआप खाली आला. "ही म्हसबी तवा अशीच बगत हुती… कडब्याकडं. धार हिकडं आन् नजर तिकडं. मला नवालच वाटलं."

"पोलिसांना सांगितलंत हे?"

"म्हशीचं कोन इचारतंय बाई? ते म्हनले, शिवकांता दिसली हुती का? म्या म्हनलं, दिसली."

वर्षाराणीच्या हातातून सड सुटला. सगळं त्या एका 'दिसली'वर तर उभं होतं. सिद्धलिंग दुपारीच लोहाऱ्याला गेला होता, त्याला तिथं दहा माणसांनी बघितलं होतं. तो रात्री परत आला, बायको सापडेना म्हणून शोधत विहिरीवर गेला आणि तिथून बोंब मारली. दिवेलागणीला ती धार काढताना दिसली होती, म्हणजे तो नसताना पाण्याला गेली आणि पाय घसरला. डोक्याला मार होता, पण विहिरीला दगड का थोडे असतात? पोलिसांनी कागद मिटले.

आणि आता दैवशालाकाकू अजून उजेड असताना वर्षाराणीलाच शिवकांता समजली होती. हे लुगडं जी नेसेल ती शिवकांता. मग त्या दिवशी ते कुणाच्या अंगावर होतं? आणि म्हैस तेव्हाही कडब्याकडं बघत होती, म्हणजे खरी अक्का त्या कडब्याखाली होती?

ती बादली तिथंच टाकून घरात आली. गजराबाई अक्षराला भात भरवत होती.

"पान्हावली का?"

"व्हय. मावशी, लुगड्याला म्हस भुलते हे तुमाला कसं म्हाईत? अक्का गेल्यापासून तुमी तर गोठ्यात पाय ठेवला न्हाई…"

घास गजराबाईच्या हातातच राहिला. मग एकदम तिचा चेहरा चुरगळला.

"पोरगं हाय गं माजं… एकुलतं एक. म्हस इकून आला हुता व्यापाऱ्याला, हिला न इचारता. ही दावं सोडंना. त्यानं ढकललं… गव्हाणीच्या दगडावर डोस्कं आपटलं. मारायचं नव्हतं त्याला."

"आन् तुमी कडब्याखाली झाकलं तिला."

"त्यानं झाकलं, आन् रातीला येऊन हिरीत टाकलं. म्या लुगडं नेसून बसले फकस्त…"

वळणावर सिद्धलिंगच्या गाडीचा आवाज आला. तो तुळजापुरातून उद्याचा बस्ता घेऊन येत होता. ह्या माणसाच्या नावाचं कुंकू उद्या वर्षाराणीच्या कपाळावर लागणार होतं, आणि त्याच्या आईनं तिला आताच त्या लुगड्यात बसवलं होतं. तिनं अक्षराला उचललं आणि मागच्या दारानं तुरीत शिरली. गजराबाईनं आडवलं नाही, हाकही मारली नाही.

दैवशालाकाकूच्या वस्तीवर पोचल्यावर तिनं ईरण्णाला फोन लावला. "अण्णा, सुपारी नगं मला," एवढं म्हणाली आणि मग तिला हुंदका आवरेना. पलीकडं म्हाताराही रडत होता. सिद्धलिंग अंधार पडल्यावर बांधापर्यंत आला, पण काकूचे दोन्ही लेक काठ्या घेऊन दारात बसले होते. तो तसाच माघारी गेला.

सकाळी ईरण्णा पोलिसांना घेऊन आला. कडबा उपसला तेव्हा तळाशी शिवकांताचं जोडवं सापडलं. सिद्धलिंगला जीपमध्ये बसवलं, त्याच्या मागोमाग गजराबाईला आणलं. साहेबांनी दैवशालाकाकूला पुन्हा विचारायला सुरुवात केली, आणि या वेळी बारीकसारीक सगळं विचारलं, म्हशीचंसुद्धा.

"आवाज कसला आला होता का?"

"आवाज म्हंजी बांगड्यांचा की वो. धारंच्या तालावर खळखळ वाजत हुत्या. म्हून तर मला शिवकांताच वाटली."

सगळ्यांनी गजराबाईकडं बघितलं. तिचा नवरा सिद्धलिंग लहान असतानाच वारलेला. तेव्हापासून तिच्या हातात काचेचं कंकण चढलेलं नव्हतं. तिनं आपले भुंडे हात पदराखाली ओढून घेतले.

"मावशी…?" वर्षाराणी जीपजवळ गेली.

गजराबाईनं तोंड तिच्या कानाशी आणलं.

"भुलली न्हाय ती मला… लुगडं नेसूनबी न्हाय भुलली. म्या निस्ती बसून हुते पोरी… हात मांडीवर ठिवून. मागनं दोन हात आले… गार… म्या वळून बगितलं न्हाय. बादली मातूर काठोकाठ भरली."