डाव्या हाताची गाठ

२४ डिसेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. राजानंद साळवेच्या अंगणातल्या कडुलिंबावर नाताळचा तारा लागलेला होता. तो कोणी बांधला, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

राजानंदची मुलगी सुवार्ता बादली घेऊन बाहेर आली, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की झाडाचा बुंधाही दिसेना. दिसत होता तो फक्त अधांतरी लटकलेला लाल तारा. आणि त्याच्या खाली, मान वर करून उभा असलेला एक माणूस.

बादलीतलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"कोण हाय?"

"मी... श्रेणिक."

"साहेब? इतक्या सकाळी? प्लॉट तर तिकडं हाय."

"धुक्यात रस्ता चुकलो."

"पाच महिने येता, आजच चुकला?"

त्यानं ताऱ्याकडं बोट केलं. सुवार्तानं पुन्हा वर पाहिलं.

श्रेणिक जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत होता. टोमॅटोच्या बियाण्याचे प्लॉट तपासायला ऑगस्टपासून दर आठवड्याला तो परतूर तालुक्यातल्या या वस्तीवर यायचा. सुवार्ता प्लॉटवरच्या जाळीच्या मांडवात, सकाळच्या थंडीत, एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर हातानं लावायची. तिच्या नखांवरची पिवळी पूड बघता बघता श्रेणिक ओळी मोजायला चुकायचा. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

नोव्हेंबरात एकदा तिनं त्याला सांगितलं होतं, की वडील गेल्यापासून घरचा तारा पेटीत पडून आहे आणि नाताळ आला की आई त्या पेटीजवळ बसून राहते. एवढंच. का ते सांगितलं नव्हतं.

"तारा तुम्ही बांधला?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मी फक्त तुम्हाला सांगितल्तं."

श्रेणिक मोटारसायकलपर्यंत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. आत प्लॅस्टिकचा नवा तारा होता, बॅटरीवर लुकलुकणारा. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"बांधायलाच आल्तो," तो म्हणाला. "गुपचूप. तुम्ही उठून बघाल आणि... हसाल, असं वाटलं. पण इथं आलो, तर हा आधीच होता."

सुवार्ता हसली नाही. तिनं त्याला वस्तीची रीत सांगितली. वस्तीवर ख्रिस्ती घरं अकरा. नाताळच्या आदल्या दिवशी दारात तारा लागतो, आणि तो घरचा कर्ताच बांधतो. कर्ता वारला, तर त्याच्या जागी जो बांधेल तो त्या घरचा. राजानंद दोन वर्षांपूर्वी, तेवीस डिसेंबरला, चर्चसाठी पताका आणायला परतूरला गेला. दुधना नदीच्या कालव्यावर मोटारसायकल सापडली, स्टँडवर नीट लावलेली, पताकांची पिशवी हँडलला. माणूस सापडला नाही. म्हणून उषाबाईंनी, सुवार्ताच्या आईनं, तेव्हापासून कोणालाही तारा बांधू दिला नव्हता. दुसऱ्या कोणी बांधला म्हणजे राजानंद मेला, असं घरानं कबूल केल्यासारखं होतं.

"म्हणजे मी बांधला असता तर..."

"तर तुमच्या हातानं माझा बाप मेला असता," सुवार्ता म्हणाली. "आणि तुम्ही या घरचे झाले असता."

श्रेणिकनं पिशवीचं तोंड मिटलं.

"पहिलं मला ठाऊक न्हवतं. माफी असावी."

"आणि दुसरं?"

"दुसरं... ते दसऱ्यापासून मनात बराबर हाय. मला वाटलं, त्याला तोंडानं बोलावं लागतं. नुसता तारा बांधून होतं, हे कोणी सांगितलंच न्हाई."

सुवार्तानं रिकामी बादली या हातातून त्या हातात घेतली. एवढ्या थंडीत तिचे कान तापले होते.

आवाजानं उषाबाई बाहेर आल्या. त्यांनी तारा पाहिला आणि तशाच आत गेल्या. कमरेची किल्ली काढून पेटी उघडली. जुना तारा आतच होता, कागद विटलेला, एक टोक उंदरानं कुरतडलेलं.

मग झाडावरचा कोणाचा?

सुवार्ता पत्र्यावर चढली. जवळून पाहिलं, तर तारा नवा होता. बांबूच्या कामट्या ताज्या तासलेल्या, कागदाची खळ अजून ओली. त्याच फांदीला दिवाळीपासून आग्या माश्यांचं मोठं मोहळ लटकलेलं. वस्तीतलं कोणी त्या झाडाखाली मोठ्यानं बोलतसुद्धा नसे. तारा मोहळापासून एक वीत अंतरावर होता. माश्यांचा काळा पडदा हळूच थरथरला, पण एकही माशी उठली नाही. राजानंदला त्या कधीच चावत नसत. तो उघड्या हातानं मध काढायचा.

तिनं दोराची गाठ पाहिली.

"आई," ती वरून म्हणाली, "गाठ डाव्या हाताची हाय."

विहिरीच्या दोराला, बकरीच्या दाव्याला, तिच्या शाळेच्या दप्तराला डावखुरा राजानंद हीच गाठ मारायचा. त्यानं ती कोणाला शिकवली नव्हती, आणि बघून कोणाला जमली नव्हती.

खाली ओल्या मातीत फक्त श्रेणिकच्या बुटांचे ठसे होते. रस्त्यापासून झाडापर्यंत आलेले; बुंध्यावर कोणी चढल्याची खूण कुठंही नव्हती.

उषाबाई रडल्या नाहीत. त्या श्रेणिकला एवढंच म्हणाल्या, "उद्या जेवायला या."

पंचवीस तारखेला चर्च सुटल्यावर तो आला. बाया-माणसं एकमेकांना सलाम करत घरोघर फिरत होती, पण या अंगणात पाऊल टाकताना प्रत्येकाची नजर वर जायची आणि आवाज खाली यायचा. श्रेणिक जैन आहे, सूर्य मावळायच्या आत जेवतो, हे सुवार्तानं सांगून ठेवलं होतं. साडेचारलाच ताटं वाढली गेली. तीन ताटं, आणि बाजूला चौथं. श्रेणिक धरून घरात माणसं तीनच होती.

"करंज्या येगळ्या तळल्या," उषाबाई म्हणाल्या. "अंडं न्हाई, कांदा न्हाई."

"मध?" सुवार्तानं हळूच विचारलं. "साहेब मध खात न्हाईत, आई. माश्यांना तरास होतो म्हणून."

"मंग माश्या तुमच्यावर खूश असत्याल," उषाबाई म्हणाल्या, आणि करंजी वाढता वाढता थांबल्या. "घरी सांगितलं का?"

श्रेणिकनं घास खाली ठेवला. "काल सांगितलं. आई बोलून न्हाई राह्यली. पप्पा म्हणले, थांब."

"थांब तर मीबी म्हणू शकते."

"म्हणा. मी थांबतो."

बाहेर माश्यांची घरघर एकाएकी वाढली आणि बंद झाली. तिघांनी दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"दोन वर्षं या घरात मी एकटीनं ठरवलं," उषाबाई म्हणाल्या. "पण आता कर्ता येऊन गेला, असं दिसतं. त्याला विचारा. तुमचा तारा खालच्या फांदीला बांधा, वरच्याला हात लावू नका. त्याला नको असंल, तर सकाळी कळंल."

संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात श्रेणिक स्टुलावर उभा राहिला. सुवार्तानं स्टूल धरलं होतं. त्यानं एक गाठ मारली, ती सुटली. मग एकावर एक तीन मारल्या.

"हे काय, गाठोडं?"

"मजबूत पायजे."

"तीन गाठी म्हणजे स्वतःवर भरोसा न्हाई."

"माझ्यावर हाय. त्यांच्यावर न्हाई," त्यानं डोळ्यांनी वर खूण केली. मग खाली वाकून, अगदी हळू, "तुमचं काय... त्यांनी काढून टाकला तर?"

सुवार्तानं स्टुलावरचा एक हात काढला आणि त्याच्या बोटांवर ठेवला. बोटं बर्फासारखी गार होती.

"तर मी पुन्हा बांधीन," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

अंधार पडायच्या आत तो परतूरला, मावशीकडं मुक्कामाला निघून गेला. मोटारसायकलचा लाल दिवा धुक्यात विरेपर्यंत ती उभी होती. मागं, वरच्या फांदीवर कागद खसखसला. वारा नव्हता.

२६ डिसेंबर, सकाळी सहा चाळीस. वरचा तारा नव्हता. माश्याही नव्हत्या, फांदीला त्यांनी सोडलेलं रिकामं पांढरं पोळं तेवढं उरलं होतं. खालचा तारा जागेवर लुकलुकत होता. त्याच्या दोराच्या तिन्ही गाठी सोडवलेल्या होत्या आणि जागी एकच गाठ होती. डाव्या हाताची. पानं, पत्रा, स्टूल, सगळं दवानं निथळत होतं. दोर कोरडा होता.

श्रेणिक आला तेव्हा सुवार्ता स्टुलावर उभी राहून त्या गाठीवरून बोट फिरवत होती.

"मी आत्ताच येऊन राह्यलो," तो म्हणाला. "बिलकुल आत्ता."

"ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि उतरायला हात पुढं केला. त्यानं तो धरला, ती उतरल्यावरही सोडला नाही.

उषाबाईंनी चुलीवरून चहा उतरवला आणि चार कपांत ओतला. तीन प्यायले गेले. चौथा ओट्यावर ठेवलेला आहे, अजून वाफ निघतेय.