मागं राहिलेली लेक

तनुजानं समोरचं ताट बाजूला सारलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “अव्वा, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू खरंच उदगीरला जातेस का?”

कमलम्माच्या कढईतली फोडणी जळू लागली तरी तिचा हात हलला नाही. ‘हो, चर्चच्या कामाला,’ हे कैक वर्षांचं उत्तर तिच्या ओठांशी आलं आणि तिथंच थिजलं... कारण तनुजाच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात, डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा उभा होता. कमलम्मानं त्याला ओळखलं. तो शेषेराव होता, तनुजाचा सख्खा चुलता. आपलं या जगात कुणीच उरलेलं नाही, असं समजून तनुजा आजवर वाढली होती.

“बोल की बाई,” शेषेराव म्हणाला. “पोरीची माय जित्ती हाय, हे सांगितलंस का तिला कधी?”

कमलम्मा लातुरात, क्लासच्या गल्लीत, मुलींसाठी खानावळ चालवायची. डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन देगलूर-कंधारपासून मुली यायच्या आणि तिच्या हातचं जेवायच्या. तनुजाही बारावीला होती, प्रवेश परीक्षा दीड महिन्यावर आली होती. सोळा वर्षांपूर्वी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कमलम्मा एका मिशन दवाखान्यात आया होती. नवरा वारलेला, पोटी मूल नाही. ढिगाऱ्याखालून दुसऱ्या दिवशी जिवंत निघालेली वर्षाची पोर तिच्या मांडीवर आली आणि तिचीच झाली, तिला ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणू लागली. पोर तिची कशी झाली हे मात्र दोघींनाच माहीत होतं... कमलम्माला, आणि पोरीच्या जन्मदात्रीला, केवळाबाईला. त्या माऊलीनं दवाखान्याच्या ओसरीवर कमलम्माचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती, आणि कमलम्मानं ती देवाच्या साक्षीनं घेतली होती.

“भावजयीनं सांगितलं, दोन्ही लेकरं गेली. आम्ही रडून मोकळे झालो,” शेषेराव तनुजाला सांगत होता. “अन् मागच्या महिन्यात तिच्या घरी ह्या पोरीचा शाळेतला फोटो घावला. हुबेहूब माझ्या गेलेल्या भावाचं तोंड! इचारलं तर भावजय नुसती रडते, बोलत न्हाई. शेजारी म्हणले, लातूरची एक खानावळवाली किरिस्ताव बाई दर महिन्याला येत्याय. मग मला समदं उमगलं. दवाखान्यातून लेकरू पळवलं हिनं, आपल्या धर्मात ओढायला. वरून मायला भेव घालून गप केलंय.”

“अव्वा,” तनुजा म्हणाली, “हे खोटं आहे एवढंच म्हण. मी यांना आत्ता परत पाठवते.”

“तुझी आई जिवंत आहे, हे खरं आहे,” कमलम्मा म्हणाली.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“ते मला सांगता येणार नाही, बाळा.”

त्या एका वाक्यानं सोळा वर्षांची माया क्षणात परकी झाली. तनुजा पुढचे दिवस त्याच घरात राहिली, पण पाहुणीसारखी. कमलम्मा फोनवर बोलू लागली की ती दाराशी येऊन उभी राहायची. कमलम्मा बाजारात गेली की तिची ट्रंक उपसायची. ट्रंकेत तिला तिचीच लहानपणीची झबली आणि शाळेचे दाखले सापडले, आणि त्यातल्या प्रत्येक कागदाकडं ती आता चोरीचा माल असल्यासारखी पाहू लागली. शेजारच्या शिलाईवाल्या रजियानं न राहवून तिला हटकलं, “अगं, तुला धर्मात ओढायचं असतं तर इतक्या वर्षांत तिनं एकदा तरी चर्चमध्ये नेलं नसतं का? तुझं नावसुद्धा बदललं नाही तिनं.”

“संशय येऊ नये म्हणूनच नेलं नसेल,” तनुजा म्हणाली.

शेषेराव गल्लीत जाता-येता सांगतच होता. मुलींचे आईबाप गावाहून फोन करू लागले, एकेक डबा बंद झाला. बावीस मुलींच्या पंगतीत चारच उरल्या. चर्चमधल्या बायकाही बाकावर जरा सरकून बसू लागल्या, कारण लेकरू पळवल्याचा बोभाटा त्यांच्याही अंगावर येत होता. आणि या साऱ्यात कमलम्मा रोजच्यासारखी पहाटे उठायची, गुडघ्यावर बसून प्रार्थना करायची आणि चुलीला लागायची. तिची ती शांतताच लोकांना सर्वांत जास्त खुपली. निरपराध असती तर रडली असती, ओरडली असती, असं गल्ली म्हणायची. ही तर दगडासारखी आहे... म्हणजे पाणी मुरतंय खास.

पण ते मन दगडाचं नव्हतं! ‘देवबापा, माझ्यावरचा डाग पूस,’ असं मागायला ती गुडघे टेकायची आणि दर वेळी तिचे शब्द अर्ध्यावर अडखळायचे. लोकांचा संशय ती सोसू शकत होती. तिला सोसवत नव्हता तो तिचा स्वतःवरचा संशय, आणि त्याचं नाव ती देवापुढंही घ्यायला धजत नव्हती.

एका रविवारी सकाळी तनुजा शेषेरावबरोबर औशाच्या पुढच्या पुनर्वसनातल्या गावी, केवळाबाईकडं निघाली. तिनं निरोप घेतला नाही. कमलम्मा उंबऱ्यात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “तिला जपून विचार. फार थकली आहे ती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तनुजा परतली. डोळे सुजलेले होते, चेहरा पांढराफटक. शेषेराव मागं होता, पण तो आत आला नाही. बाहेरच्या पायरीवरच मान खाली घालून बसला.

“अव्वा, तिनं सगळं सांगितलं,” तनुजा भिंतीला टेकली. “घर हललं तेव्हा आम्ही दोघं होतो. दादा तीन वर्षांचा, मी पाळण्यात. मी रडत होते, ते तिला ऐकू येत होतं... तरी तिनं दादाला उचललं आणि मला सोडून बाहेर गेली. मागून भिंत कोसळली, दगड दादाला लागले. दादा तिच्या खांद्यावरच गेला, आणि जिला सोडलं ती मी जिवंत निघाले. ‘तुझ्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली न्हाई,’ म्हणाली. म्हणून मला तुला देऊन टाकलं. आणि हे मला कधी कळू नये म्हणून तुला शपथ घातली.”

कमलम्माच्या डोळ्यांतून इतक्या दिवसांचं पाणी वाहू लागलं. तनुजा तिच्या पायांशी बसली आणि तिनं तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. “मी तुला चोर समजले, अव्वा. आता मला ती नको. तिचं तोंड मी पुन्हा बघणार नाही. माझी आई तूच.”

हेच शब्द ऐकायला कमलम्माचा जीव सोळा वर्षं आसुसलेला होता. आता फक्त गप्प राहायचं होतं... नुसतं गप्प राहिलं असतं तर पोर जन्माची तिची झाली असती. तिनं डोळे मिटले. मग तनुजाचं डोकं मांडीवरून अलगद बाजूला केलं.

“मलाही कबुली द्यायची आहे,” ती म्हणाली. “शपथ पाळली ते खरं. पण चार वर्षांपूर्वी तुझी आई मला म्हणाली होती, ‘कमलक्का, आता सांगून टाकावं का पोरीला?’ मी म्हणाले, दहावी होऊ दे. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, बारावी होऊ दे. तुझ्या अभ्यासाचं निमित्त होतं. मला तू जाशील याची भीती होती. लोक मला चोर म्हणाले, ते अगदीच चुकीचं नव्हतं, बाळा.”

तनुजा तिच्यापासून जरा मागं सरकली.

“आणि तुझ्या आईनं तुला अर्धंच सांगितलं. तिचा डावा हात पाहिलास?”

“पदराखाली होता.”

“तो खांद्यापासून निकामी आहे. पहिल्या धक्क्यालाच तुळई पडली त्यावर. त्याची मलमपट्टी मीच करायची. एक हात राहिला होता तिला, तनू. एका हातानं माय दोन लेकरं कशी उचलणार? दादा गेला तेव्हा त्याला खाली ठेवून, त्याच हातानं ती दिवसभर दगडमाती उकरत होती, तुझ्यासाठी. दवाखान्यात आणली तेव्हा बोटांना नखं नव्हती.”

बाहेर पायरीवर शेषेरावानं पटक्यात तोंड लपवलं.

“हे तिनं मला का नाही सांगितलं?” तनुजाचा हुंदका फुटला.

“कारण तिला क्षमा नकोच आहे. सोळा वर्षं ती स्वतःला सोडत नाही. माझं सांगणं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघी औशाकडं निघाल्या. कमलम्मानं देवाजवळ आज काहीच मागितलं नाही. मांडी रिकामी होणार हे तिला दिसत होतं, काळीज तुटत होतं, आणि तरीही किती वर्षांनी तिचं मन स्वच्छ होतं, तळ दिसेल इतकं निवळ होतं.

केवळाबाई दारात तांदूळ निवडत होती. लेक दिसताच ती उठली आणि डावा खांदा पदराआड ओढून घेतला. तनुजानं तो पदर बाजूला केला. तो वाळलेला, निर्जीव हात तिनं दोन्ही हातांत घेतला, उचलला आणि आपल्या गळ्याभोवती ठेवला.

“नगं गं माय...” केवळाबाई म्हणाली, “म्या तुला टाकून गेल्ते...”

“तू मला उकरत होतीस,” तनुजा म्हणाली. “अव्वानं सांगितलं.”

दोघी आत गेल्या. कमलम्मा फाटकाशीच थांबली. आतलं रडणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं, मग हलकं बोलणं ऐकू येऊ लागलं. परतीच्या बसला अजून वेळ होता. तिनं एकटीनंच स्टँडवर जायचं ठरवलं आणि ती वळली, तेवढ्यात तनुजा धावत बाहेर आली.

“अव्वा, तू इथं का उभी? आत ये. आई विचारतेय, माझ्या परीक्षेपर्यंत तिला आपल्याकडं राहता येईल का.”

कमलम्मानं फाटक उघडलं. ती घरात गेली आणि दोरीवरची केवळाबाईची लुगडी काढून, एकेक करून, त्यांच्या घड्या घालू लागली.