अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

"माझ्या आईनं औषध दिलं की नाही, एवढंच मला हवंय," दारात उभी असलेली बाई म्हणाली. "दिलं असेल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन."

तपासबाईंनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

तपासबाई म्हणजे खाजगी तपास करणाऱ्या बाई. वय एकसष्ट, आवाज हळू, आणि समोरच्याला बोलू द्यायची सवय. कोपऱ्यात बसलेले गृहस्थ त्यांचे जावई. दुकान बंद पडल्यापासून ते सासूच्या कामाला हातभार लावत. निदान त्यांचं मत तसं होतं. कामावर असताना तेही सासूला 'बाई'च म्हणत आणि बाई त्यांना न चुकता 'जावईबापू'.

"आई घरातच पाळणाघर चालवते," ती सांगू लागली. "सगळे तिला मावशी म्हणतात. मुलं पाच. त्यातली ठमी, अडीच वर्षांची. गुरुवारी साडेअकराला तिला एकदम ताप चढला, एकशे चार, आणि झटके आले. मेंदूला संसर्ग झालाय. आज चौथा दिवस, डोळे उघडलेले नाहीत."

"आणि औषध?"

"रक्तात तापाचं औषध सापडलं. डॉक्टर म्हणतात, त्यानं ताप दबून राहिला आणि मोलाचे तास हातचे गेले. सकाळी आठ दहाला आईनं स्वतः मोजून वहीत आकडा लिहिलाय, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. म्हणजे मूल धडधाकट आलं. औषध दिलं ते नंतरच, आमच्याच घरात."

"तुमची आई काय म्हणते?"

"पहिल्या दिवशी म्हणाली, मी मुलांना औषधाचा थेंब देत नाही." ती थांबली. "आता म्हणते, दिलं असेल. गेल्या महिन्यात तिनं चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. गॅस दोनदा चालू राहिला. तिचाच तिच्यावर भरवसा उरलेला नाही. आज चार वाजता चौकशीचे साहेब घरी येणार आहेत. औषध दिल्याचा जबाब तिनं लिहून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे."

तपासबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते. त्यांनी कानाडोक्याला लोकरी रुमाल गुंडाळला.

"जावईबापू, टोपी घ्या. धुकं आहे."

"मला नाही लागत थंडी," जावईबापू म्हणाले आणि टकलावरून हात फिरवत बाहेर पडले.

*

बसथांब्यापासून दहा मिनिटं चालावं लागलं. तळमजल्यावरचं घर, पुढे उघडा व्हरांडा. भिंतीवर लहान मुलांच्या उंचीला पाच खुंट्या, प्रत्येकीवर एक चित्र. ससा, बस, छत्री, मासा, चंद्र. एकही कपडा नव्हता. पाळणाघर गुरुवारपासून बंद होतं.

दारावर मोठ्या अक्षरांत कागद डकवलेला: ताप, उलटी, जुलाब, अंगावर पुरळ असल्यास मूल आणू नये. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तरच आणावं. निरोप आल्यावर अर्ध्या तासात घेऊन जावं.

मावशी दारातच उभ्या होत्या. चौसष्टीच्या, इस्त्रीची साडी, आणि चार दिवस न झोपलेला चेहरा. हातात कपाळावर रोखून ताप मोजायचं यंत्र होतं.

"आई, आता कशाला ते?" लेक म्हणाली.

"मोजल्याशिवाय आत कुणी येत नाही. मोठी माणसंसुद्धा. आत येऊन मोजलं तर उपयोग काय? तोवर पोरं गळ्यात पडलेली असतात." त्यांनी तपासबाईंचा रुमाल कपाळावरून वर सरकवला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन." मग यंत्र जावईबापूंच्या कपाळाकडे वळलं. "पंच्याण्णव पॉइंट नऊ."

"अरे बापरे! मी गेलो की काय?"

"डोकं थंड आहे तुमचं," तपासबाई म्हणाल्या. "म्हणून तर माझ्याबरोबर निभावतंय. चला आत."

आतली खोली लख्ख होती. गाद्यांच्या घड्या, धुतलेली खेळणी उन्हाची वाट पाहत पालथी घातलेली. मावशींनी वही पुढे केली. तारीख, वेळ, आकडा, सोडणाऱ्याची सही. गुरुवार: ठमी, ८.१०, ९८.४, सही वडिलांची. पानं मागे उलटल्यावर त्याच महिन्यात ठमीच्या नावापुढे दोनदा लाल शेरा होता: ताप, परत पाठवलं.

"तेव्हाही वडीलच होते?"

"दोन्ही वेळा. पाया पडायचेच बाकी होते बिचारे. पण मी ऐकलं नाही. एकाला सूट दिली की बाकीची चार पोरं आजारी."

"औषधाचं कपाट?"

कपाटात एकच बाटली होती. कुणाच्या तरी आईनं कधीतरी ठेवलेली, अर्धी.

"बघा," मावशी पुटपुटल्या. "अर्धी आहे. किती होती, मला आठवत नाही."

"बाटली अर्धी आहे यावरून ती एकदा भरलेली होती एवढंच कळतं," तपासबाई म्हणाल्या. "गुरुवारचं काय आठवतं?"

"ठमी आली तशी पेंगत होती. नऊच्या सुमाराला मी तिला मांडीवर घेतलं. अंग गार होतं, थोडा घाम होता. मग झोपली. साडेअकराला उठवायला गेले तर..." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मधल्या वेळात मी काय केलं, किती आठवलं तरी गोधड्यांच्या घड्याच दिसतात. त्यामागे काही आहे का, ते कळत नाही."

लेक खिडकीबाहेर बघत होती.

स्वयंपाकघरात मदतनीस ताई भांडी उगाच पुन्हा घासत होत्या.

"माझ्यावर येणार आहे ना हे?" त्या फणकारल्या. "येऊ दे. गरिबाचं नाव पटकन लिहिता येतं."

"तुम्ही औषध दिलंत?"

"नाही. कपाटाची किल्ली मावशींच्या कमरेला. बघा जाऊन."

"मुलांचे कपडे कोण उतरवतं?"

"मीच. मावशी कपाळ बघतात, मी बूट, टोपी, जाकीट उतरवते."

"गुरुवारी ठमीचं काय काय उतरवलंत?"

ताईंनी डोळे मिटून आठवलं. "बूट. जाकीट. टोपी नव्हती. केस वाऱ्यानं उभे, नाकाचा शेंडा लाल. मी म्हटलं, दादा, एवढ्या गारठ्यात पोर बोडकी? तर म्हणाले, घाईत राहिली. बाकी चौघं माकडटोप्यांत होती."

बाहेर पडताना जावईबापू हळूच म्हणाले, "बाई, मला ही ताई तिखट वाटते. लपवतेय काहीतरी."

"लपवणारी माणसं तिखट नसतात, जावईबापू. फार गोड असतात."

*

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर ठमीची आई बाकावर बसली होती. मांडीवर मुलीचं जाकीट, त्याची चेन ती वर करत होती, खाली करत होती.

"तुम्ही त्यांच्या बाजूनं आलात ना?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही. गुरुवारी सकाळी कसं निघालात?"

"रात्री ती यांच्याजवळ झोपते, मला पहाटे उठावं लागतं म्हणून. सकाळी जरा किरकिर करत होती. हे म्हणाले, झोप झाली नाही तिची. साडेसातला मी आंघोळीला गेले तेव्हा यांनीच तिला दूध पाजलं. मग मी कपडे घातले, टोपी बांधली, स्कूटरवर यांच्यापुढे उभी केली आणि माझ्या बसला गेले."

"टोपी तुम्ही स्वतः बांधलीत?"

"हनुवटीखाली दुहेरी गाठ मारली. ती ओढून काढते म्हणून." तिनं चेन पुन्हा खाली ओढली. "ती गाठ मारताना दोन मिनिटं नीट पाहिलं असतं तिच्याकडे..."

*

ठमीचे वडील एका बिस्किट कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. त्यांच्या गणवेशाला इस्त्री होती, डोळे मात्र सुजलेले.

"पोर तिकडे आणि तुम्ही इथे?" जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं.

"पोरीपायी दोन रजा आधीच झाल्यात, साहेब. तिसरीला गेटबाहेर काढतील. इस्पितळाचं बिल कोण भरणार?" त्यांनी सवयीनं यंत्र उचललं. "नोंदवावं लागतं. सगळ्यांचंच." जावईबापूंचं कपाळ शहाण्णव पॉइंट एक निघालं. पहारेकऱ्यानं आकडा लिहिला नाही. "पाच-दहा मिनिटं केबिनमध्ये बसा, मग घेतो. वाऱ्यातून उघड्या डोक्यानं आलेल्याचं असंच कमी येतं. खरा ताप असला तरी निसटतो."

"मुरलात की या कामात," तपासबाई कौतुकानं म्हणाल्या.

"तीन वर्षं झाली."

"गुरुवारी ठमीला टोपी नव्हती म्हणे?"

"घाईत घरीच राहिली." ते वहीत बघत राहिले. "मावशींवर माझा राग नाही. वय झालंय त्यांचं. पण खरं बाहेर यायला हवं."

"तीन वाजता इस्पितळात या," तपासबाई म्हणाल्या. "बाहेर येईल."

*

तीन वाजता बाकावर मावशी आणि त्यांची लेक बसल्या होत्या, समोरच्या भिंतीला टेकून ठमीची आई. मावशींच्या पिशवीतून जबाबाचा कागद डोकावत होता. पहारेकरी उशिरा आले आणि दूरच उभे राहिले.

"सगळे एका आकड्यावर अडले आहेत," तपासबाईंनी सुरुवात केली. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मूल ठणठणीत होतं, याचा पुरावा. मी म्हणते, तोच आकडा मूल आजारी असल्याचा पुरावा आहे."

"ते कसं?" जावईबापूंनी विचारलं.

"आज सकाळी मावशींच्या दारात आपण दोघं उभे होतो. माझं डोकं झाकलेलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. तुमचं उघडं, पंच्याण्णव पॉइंट नऊ. तुम्ही दहा मिनिटं चालून आला होतात. ठमी स्कूटरच्या पुढ्यात, वाऱ्याच्या तोंडावर, टोपीशिवाय आली. तिचं कपाळ तुमच्यापेक्षा गार लागायला हवं होतं. ते अठ्ठ्याण्णव पॉइंट चार आलं. मग आत अंग किती तापलं असेल?"

मावशींचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"मावशींच्या दारात सगळी मुलं टोपी घालून येतात. टोपी काढली की आकडा खरा येतो. त्यामुळे हे यंत्र फसतं हे मावशींना कधी कळलंच नाही. ताईंनाही नाही. या प्रकरणात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्यानं ते दुपारी आम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

ठमीच्या आईनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"औषध साडेसातला, दुधाबरोबर दिलं गेलं. पण त्याला काम करायला वेळ लागतो. आठ दहापर्यंत ताप पुरता उतरणार नव्हता. दाराशी आणखी काहीतरी हवं होतं. म्हणून वाटेत गाठ सोडली गेली. नऊला मावशींना अंग गार लागलं, घाम आला, कारण तोवर औषध भिनलं होतं. चार तासांनी जोर ओसरला. साडेसात आणि चार, साडेअकरा. मावशींनी आठनंतर दिलं असतं तर साडेअकराला ताप असा उसळला नसता. मावशी, तुम्हाला मधल्या वेळात घड्याच दिसतात, कारण तुम्ही घड्याच घातल्या होत्या."

"टोपी घरी राहिली," पहारेकरी म्हणाले.

"मी बांधली होती," त्यांची बायको म्हणाली. "दुहेरी गाठ. टोपी कुठाय?"

पहारेकऱ्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढून जावईबापूंच्या हातावर ठेवली. "डिकीत आहे. बघवत नाही म्हणून तशीच ठेवलीय." ते भिंतीला धरून खाली बसले. "एक दिवस काढायचा होता. फक्त गुरुवार. शुक्रवारी हिची सुट्टी होती."

बायको त्यांच्याजवळ गेली नाही. ओरडलीही नाही. मुलीच्या जाकिटाची चेन तिनं वर ओढली आणि हात तिथेच ठेवला.

"माझा नियम फार कडक होता का हो?" मावशींनी विचारलं.

"नियम बरोबर होता," तपासबाई म्हणाल्या. "त्यांच्या गेटवरही एक नियम होता. दोन्हींच्या मधल्या जागेत पोर सापडली."

मावशींनी पिशवीतला कागद काढला, त्याची बारीक घडी घातली आणि लेकीकडे वळल्या.

"खरं सांग. तुला वाटलं होतं? मी दिलं असेल असं?"

जावईबापूंना वाटलं, आता ही नाही म्हणेल. कुणीही नाही म्हटलं असतं.

"हो, आई."

मावशींनी मान हलवली. "मलाही वाटलं होतं. पण मला माझ्याबद्दल वाटलं. तुला तुझ्या आईबद्दल."

त्या उठल्या, सावकाश पलीकडे गेल्या आणि ठमीच्या आईशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं ठमीच्या आईनं जाकिटाची एक बाही त्यांच्या हातात दिली, आणि दोघी बंद दाराकडे बघत राहिल्या.

लेक बाकावर एकटीच होती. तिनं दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती बसून राहिली.