आण्णांची वीजपेटी

शहाळ्याने विचारलं, ‘त्रिशला जेवलीस का’.

तोंडाने नव्हे, अर्थात. प्रयोगशाळेच्या टेबलावर आण्णांचा जुना घरगुती संगणक मांडला होता आणि त्याच्या पडद्यावर ही ओळ ठोकळेबाज हिरव्या अक्षरांत उमटली होती. एरवी आण्णांच्या कपाळावर असायच्या त्या दोन धातूच्या चकत्या आज एका सोललेल्या शहाळ्याला चिकटवल्या होत्या. आण्णा स्वतः मिरजेच्या दुसऱ्या टोकाला, घरी, पलंगावर होते. त्रिशला मगदूमने शहाळ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "हो आण्णा, जेवले."

मग आपण कुणाला उत्तर दिलं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

खोलीत आणखी दोघं होती. आण्णांवर गेली काही वर्षं उपचार करणाऱ्या मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. विदुला नांद्रेकर, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता नौशाद सतारमेकर. नौशादच्या घराण्यात सगळे सतारी करणारे. हा एकटा बिघडला आणि जुन्या घरगुती संगणकांच्या मागे लागला, असं त्याचे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हौशी लोक लांबलांबून त्याच्याकडे आपले संगणक पाठवत आणि बहुतेकांना तो एकच निदान ऐकवी: संगणक ठणठणीत आहे, त्याची वीजपेटी म्हातारी झाली आहे. वीजपेटी म्हणजे भिंतीतली दांडगी वीज संगणकाला झेपेल इतकी मवाळ करून देणारा डबा. हा डबा सुखासुखी मरत नाही. त्यातला नियंत्रक जळला की पाच व्होल्टच्या जागी दुप्पट दाब संगणकात घुसतो आणि चिपा भाजून निघतात. हे ऐकल्यापासून त्रिशलाला झोप लागत नव्हती, कारण तो संगणक म्हणजे तिच्या वडिलांची वाचा होती.

धरणेंद्र मगदूम सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचे. त्रिशला प्राथमिक शाळेत असताना त्यांच्या मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली. हात, पाय, जीभ, डोळ्यांची बुबुळंसुद्धा थांबली. राहिले ते कान आणि आतला जागा माणूस. डॉक्टर त्याला कोंडावस्था म्हणत. कपाळातला एक बारीक स्नायू तेवढा मनाचं ऐकत होता, तोही इतका क्षीण की बोट ठेवलं तरी कळू नये. आण्णांचे धाकटे भाऊ जिनेंद्रकाका हुशार गृहस्थ. त्यांनी आण्णांच्याच संगणकावर ‘वाचासेतू’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. चकत्यांकडून येणारी वीज मोजायची आणि त्यावरून साठ्यातला एक शब्द पडद्यावर टाकायचा. समोर बसलेल्याने तो मोठ्याने वाचायचा आणि मतलबाचा वाटला तर होकाराची कळ दाबायची. कळ दाबली की विजेचा तो चढउतार आणि तो शब्द यांची गाठ आणखी घट्ट व्हायची. अशा गाठी मारत मारत सेतू शिकला. आक्का, म्हणजे त्रिशलाची आई, होती तोवर कळ आक्काकडे असे. नंतर ती त्रिशलाकडे आली. जिनेंद्रकाकाही आता हयात नव्हते.

"नौशादभाई, चकत्यांवर आण्णांच्या कपाळाचं काही उरलं असेल का?" त्रिशलाने विचारलं. प्रश्न वेडगळ आहे हे तिलाही कळत होतं.

नौशादला स्वतःलाच घाम फुटला होता. पेटी तपासायची तर संगणक पूर्ण जोडून चालवायचा आणि माणसाच्या जागी अंगासारखं ओलं, खारट काहीतरी लावायचं, एवढ्यासाठी त्याने शहाळं आणलं होतं. शहाळं बोलेल असं त्याच्या गावीही नव्हतं. त्याने मुख्य विजेचा दाब कमीजास्त करणारी खुंटी फिरवली. दाब वाढला तसं शहाळं गप्प झालं. दाब उतरवला तसं पुन्हा सुरू झालं. ‘बरं आहे’. आणखी उतरवला. ‘त्रिशला थांब’.

डॉ. नांद्रेकरांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याला सगळं सावकाश सांगायला लावलं.

"भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते," नौशाद म्हणाला. "पेटीचं काम ते हेलकावे सपाट करायचं. त्यासाठी आत कॅपॅसिटर असतात. वय झालं की ते सुकतात आणि वीज सपाट होत नाही, तिच्यात लहर राहते. मुख्य दाब कमी असला की लहर आणखी उसळते. चकत्यांची क्षीण वीज मोठी करणारं यंत्र याच पेटीवर चालतं, त्यामुळं लहर सरळ सेतूच्या कानात जाते. सेतूला काय ठाऊक कुठली वीज कपाळाची आणि कुठली पेटीची? त्याला चढउतार हवा आणि त्यावर होकार हवा. दोन्ही मिळालं."

"म्हणजे संध्याकाळी..." त्रिशला बोलता बोलता थांबली.

आण्णा संध्याकाळी बोलत. दिवेलागणीला कळी खुलते त्यांची, असं आक्का कौतुकाने सगळ्यांना सांगायची. दिवेलागणीला गल्लीभर दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी चालू होत आणि दाब उतरे. सेतूची नक्कल नव्या संगणकावर चढवली तेव्हा ती नुसतं असंबद्ध बरळली होती. आण्णांना नवं यंत्र मानवत नाही, असं म्हणून घरच्यांनी तो नाद सोडून दिला होता. एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली आणि त्रिशलाला ती खोली लहान लहान होत चालल्यासारखी वाटू लागली.

"पण आधी तर ते खरंच बोलायचे," ती म्हणाली. "मला पाढे विचारायचे ते. चुकले की सांगायचे."

"पेटी नवी होती तेव्हा लहर नव्हतीच, ताई. तेव्हाचं बोलणं त्यांचंच. ‘जेवलीस का’ हेसुद्धा त्यांचंच असणार, पेटीनं ते उचललं."

"मग पेटी कधीपासून बोलायला लागली?"

नौशादने मान हलवली. कॅपॅसिटर काही एका दिवसात सुकत नाही. लहर केसाएवढी वाढली, सेतू तेवढाच तिच्याकडे झुकला. पुढच्या वर्षी आणखी थोडा. कपाळातला ताण रोज वेगळा, थकला की मंद. लहर मात्र जोरकस आणि न थकणारी. गाठी तिच्याशीच बसत गेल्या. कुठल्या संध्याकाळी आण्णा मागे पडले ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"लहरीला अर्थ नसतो," डॉ. नांद्रेकर हळू आवाजात म्हणाल्या. "अर्थ कळ दाबणाऱ्याचा. त्रिशला, पडद्यावर शेकडो शब्द येऊन गेले असतील. तुम्हाला जे पटले ते राहिले."

त्रिशलाला बंगळूरचं पत्र आठवलं. विद्यापीठात जागा मिळाली होती, सामानाची बांधाबांधसुद्धा सुरू झाली होती. आण्णांना विचारलं तर ‘थांब’ आलं. तिने ते मोठ्याने वाचलं, डोळे पुसले आणि होकाराची कळ दाबली. खरं सांगायचं तर त्या घराबाहेर पडायची तिला तेव्हा भीतीच वाटत होती. बापाचा शब्द मोडवत नाही, असं ती पुढे सगळ्यांना सांगत आली. तो शब्द तिच्याच बोटाने राखलेला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

नौशादने दोन पेट्या तयार करून दिल्या. एक स्वच्छ, लहरीचा मागमूस नसलेली. दुसरी खास तिच्यासाठी: नवीकोरी, सुरक्षित, पण जुनीची लहर मोजूनमापून तिच्यात घातलेली. ती लावली तर पडद्यावरचे आण्णा पूर्वीसारखेच बोलत राहतील, आणखी कितीतरी वर्षं. "मी माझं काम केलं, ताई," तो म्हणाला. "यातली कुठली लावायची ते मी सांगणार नाही."

घरी येऊन त्रिशलाने आधी लहरीची पेटी लावली. कुणाला हसायचं असेल त्याने हसावं. संध्याकाळ झाली, गल्लीतले दिवे लागले आणि ‘त्रिशला जेवलीस का’ आलं. तिने विचारलं, "आण्णा, हे तुम्हीच बोलताय ना?" पडद्यावर आलं, ‘हो’. तिने ते मोठ्याने वाचलं आणि बोट आपोआप कळीकडे गेलं. कळ दाबायला एक क्षण लागला असता आणि सगळं पहिल्यासारखं झालं असतं. पलंगावर आण्णा छताकडे बघत होते, रोज बघत तसेच.

तिला अडवलं ते एका जुन्या शब्दाने. पाच वर्षांपूर्वी डॉ. नांद्रेकरांनी मेंदूत बारीक तारा बसवायची शस्त्रक्रिया सुचवली होती. यशाची खात्री नव्हती, पण आशा होती. पडद्यावर ‘नको’ आलं. त्रिशला शस्त्रक्रियेला घाबरत होती. तिने कळ दाबली आणि पेशंटचा नकार म्हणून डॉक्टरांनी विषय मिटवला. आण्णा बोलत नसतील तर त्यांनी नकारही दिला नव्हता. आपल्या नावावर कुणीतरी दुसराच ‘नको’ म्हणतोय, आपली मुलगी तो खड्या आवाजात वाचतेय आणि डॉक्टर निघून जातायत, हे त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं असणार. त्या रात्री ते आत काय करत असतील? ओरडत असतील? ओरडून तरी कुणाला ऐकू जाणार होतं? त्रिशलाने लहरीची पेटी भिंतीतून उपटली.

स्वच्छ पेटी लावल्यावर सेतू मुका झाला. डॉ. नांद्रेकरांनी शब्दांचा सगळा साठा बाजूला काढला आणि पडद्यावर फक्त कपाळातल्या विजेची रेघ ठेवली. रेघ सरळ होती. आण्णा, ऐकू येत असेल तर कपाळ ओढा, असं त्रिशला दिवसभर सांगत राही. रेघ सरळच. कदाचित त्यांनी फार पूर्वी नाद सोडला असेल, डॉक्टर म्हणाल्या. ज्याला कधीच उत्तर येत नाही तो हाक मारायचं थांबवतो. घर इतकं गप्प झालं की त्रिशलाला लहरीच्या पेटीची आठवण वारंवार येई. दोनदा ती कपाटापर्यंत जाऊन परत फिरली.

मग एका सकाळी, ती त्यांचे ओठ ओल्या फडक्याने टिपत होती तेव्हा, रेघेवर एक उंचवटा आला. तिने श्वास रोखून पुन्हा ओढायला सांगितलं. पुन्हा आला. त्रिशला पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडली. एकदा ओढलं तर हो, दोनदा ओढलं तर नाही, असं ठरलं. डॉ. नांद्रेकर दुपारी येऊन खात्री करून गेल्या. त्या म्हणाल्या, खरं उत्तर ठाऊक असलेले प्रश्न आधी विचारा. त्रिशलाने विचारले. तुमचं नाव धरणेंद्र का? एकदा. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचा का? दोनदा.

शेवटी तिने तो प्रश्न विचारला. "आण्णा, इतकी वर्षं पडद्यावर यायचं, मी वाचून दाखवायचे, ते तुम्ही बोलत होता का?"

दोनदा.

त्यानंतर त्यांना स्वतःच्या मनातलं काही सांगायचंय का, असं तिने विचारलं तेव्हा उंचवटा ताबडतोब आला. मग अक्षरांचं काम. त्रिशलाने स्वर, क-वर्ग, च-वर्ग असा अक्षरांचा एकेक वर्ग म्हणायचा, आण्णांनी थांबवायचं, मग त्या वर्गातलं एकेक अक्षर. ते पटकन थकत, मध्ये तास तास विश्रांती घ्यावी लागे. पहिला शब्द पुरा व्हायला अर्धा दिवस गेला. ‘आक्का’. त्रिशलाला भरून आलं. इतक्या वर्षांनी तोंडातून पहिला शब्द निघाला तो बायकोचा, असं तिने नौशादला फोनवर सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुसरा शब्द आला आणि दुपारपर्यंत तिसरा.

‘आक्का रागावली का’

तिने ओळ दोनदा वाचली. आक्काला जाऊन सहा वर्षं झाली होती. आण्णांना हे माहीत होतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आण्णांना माहीत आहे. आणि मग त्रिशलाला ती संध्याकाळ आठवली. इस्पितळातून ती एकटी परतली होती, याच पलंगाशी बसली होती. कसं सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. "आण्णा, आक्का..." इतकंच ती बोलली आणि पडद्यावर आलं, ‘कळलं रडू नको’. सांगायचं संकट टळलं म्हणून तिला किती हायसं वाटलं होतं. तिने ते शब्द त्यांना वाचून दाखवले आणि कळ दाबली. त्यानंतर त्यांच्या जखमेवरची खपली निघू नये म्हणून त्या खोलीत आक्काचं नाव कुणी घेतलं नाही. दाराशी येणाऱ्या पाहुण्यांनाही ती बाहेरच बजावून ठेवी. आक्काचा हार घातलेला फोटो पुढच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत होता, इथून न दिसणारा. सहा वर्षं आण्णा बायकोच्या पावलांची चाहूल घेत पडून होते आणि ती का येत नाही याचा एकच अर्थ त्यांना लागला होता.

त्रिशलाने आण्णांचा हात हातात घेतला. या वेळी तिला मध्येच सोडवणारं कुणी नव्हतं. वाक्य पुरं करायलाच हवं होतं.

"आण्णा, आक्का रागावली नाही. आक्का वारली. सहा वर्षांमागं."

पडद्यावरची रेघ बराच वेळ सरळ राहिली. मग तिच्यावर दोन उंचवटे आले. थोड्या वेळाने पुन्हा दोन.